विलायती ठरवलेलं कॉफीपात्र

अन्याय झाला तो दूध बाजारामागच्या बोळात बसणाऱ्या एका कल्हईवाल्यावर. दिवस १९३१ सालच्या दसऱ्याच्या पुढचा, वेळ सकाळी साडेनऊची, जागा आमच्या मंडळाच्या स्वदेशी प्रदर्शनाचं फाटक. अन्याय करणारा मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर तोंड सोडणार आहे आणि त्यांतून मला कोणी वगळू नये.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मंडळाची पत्रकं मी लिहीत असे. झिजलेल्या खिळ्यांच्या छापखान्यात ती छापली जात, शाई हाताला लागत असे, आणि संध्याकाळी गल्ल्यागल्ल्यांतून आम्ही ती मोठ्याने वाचत असू. त्या वर्षी आमचा रोख चहा-कॉफीवर होता. चहावरची दोन पत्रकं झाली होती. तिसरं कॉफीवरचं. त्याचं नाव मी ठेवलं होतं, 'कॉफी नव्हे, कावा!' हे नाव सुचलं त्या दिवशी मी जेवलोसुद्धा नाही, इतका खूश होतो. चहा-कॉफीचा थेंब जिभेला लावणार नाही अशी शपथ आम्ही सगळ्यांनी घेतली होती. मी ती पाळतही होतो.

प्रदर्शनाच्या फाटकावर माल तपासायचं काम माझ्याकडे होतं. हातमागाचं कापड, घरचा साबण, लाकडी खेळणी, सुताच्या लडी. माल उलटापालटा करून बघायचा, कुठे शिक्का दिसतो का पाहायचं, आणि आत सोडायचं. साडेनऊला तो आला. साठीकडे झुकलेला, अंगात मळकट बंडी, बोटं काळी पडलेली, आणि खांद्यावर मोठ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. गाठोड्यात पितळेची पाच भांडी होती, एकावर एक बसणाऱ्या दोन दोन गडव्यांसारखी.

"काय आहे हे?"

"कॉफी गाळायचं भांडं हाय साहेब. वरच्यात पूड घालायची, खालच्यात अर्क उतरतो. आतून कल्हई केलेली हाय."

प्रदर्शनात कॉफीचं भांडं! मी तिथेच तापलो. तरी भांडं उघडलं. वरच्या भागाच्या तळाला बारीक भोकं होती, मधल्या एका भोकाभोवती कडी, कड्याभोवती कडं. पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला असतात तशी एकसारखी. बोट फिरवलं तर कुठे खरखर नाही. असलं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि मी काय निष्कर्ष काढला? मी ओरडलो, "हा यंत्राचा माल आहे! विलायती!"

"नाही साहेब. हातचं हाय."

"हाताने अशी भोकं पडत नसतात," मी म्हणालो.

रांगेतले लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "चाचा, आता लंडनचं दुकान नाशकात घातलं का?" म्हाताऱ्याने पाचही भांडी पुन्हा फडक्यात ठेवली, एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये कापडाचा पदर घातला, गाठ मारली आणि गेला. मी मात्र थांबलो नाही. दुपारी छापखान्यात जाऊन पत्रकाच्या शेवटी चार ओळी वाढवल्या: दूध बाजारामागचा एक कल्हईवाला विलायती माल स्वदेशी म्हणून खपवू पाहत होता, तो खोटा माल मंडळाने फाटकावरच पकडला, बंधुभगिनींनी सावध राहावे. संध्याकाळी ते पत्रक पाच गल्ल्यांत वाचलं गेलं. वाचणारा आवाज माझाच होता.

आमच्या मंडळाची खोली रविवार कारंज्यापाशी होती आणि समोरच्या माडीवर एक तारमास्तर राहत. रेल्वेत तारेच्या कामावर उभी नोकरी दक्षिणेकडच्या स्टेशनांवर काढून ते पेन्शनवर गावी परत आले होते. माणूस एकटा, सडाफटिंग. रोज सकाळी आम्ही घोषणा सुरू केल्या की त्यांच्या माडीवरून कॉफीचा वास खाली उतरे आणि आमच्यातल्या निम्म्यांच्या घोषणा ढिल्या पडत. ते गॅलरीत पेला घेऊन उभे राहत आणि म्हणत, "ओरडा रे, पण सुरात ओरडा."

पत्रक निघाल्याला पाच दिवस झाले असतील. त्यांनी वरूनच हाक मारली. "अहो कावेवाले! वर या. तुमच्या पत्रकात चूक आहे."

चूक म्हटल्यावर मी दोन-दोन पायऱ्या चढत गेलो. वाटलं, ऱ्हस्वदीर्घाची असेल.

त्यांच्या स्वयंपाकघरात जे पाहिलं त्याला मी तयार नव्हतो. मी समजत होतो की कॉफी म्हणजे श्रीमंतांच्या घरी लग्नाकार्यात करतात ती, दुधात पूड टाकून उकळलेली, वर जायफळ किसलेली. तसं म्हणालो तर मास्तर उसळले. "जायफळ! कॉफीत जायफळ घालणाऱ्याला मी स्टेशनात पाय ठेवू दिला नसता. झोपेचं औषध आणि जागं राहायचं औषध एकाच पेल्यात!"

त्यांनी डब्यातून मूठभर हिरवट बिया काढल्या, निवडल्या, चिरलेली एक फेकली. "ह्या म्हैसूरच्या डोंगरातल्या. तुमची खादी जितकी इथली तितक्याच ह्या इथल्या." मळ्याचा मालक कुठला ते मी विचारलं. ते म्हणाले, "मळेवाला गोरा आहे, कबूल. तो जाईल. झाड कुठे जाणार आहे?" मग लोखंडी कढईत बिया टाकून त्यांनी डोळे मिटले. खरंच मिटले. हातातलं उलथणं फिरत होतं आणि मान एका बाजूला कललेली.

"बघत नाही तुम्ही?"

"रंगाने फसवणूक होते. तीस वर्षं मी कानांवर पोट भरलं. गप्प राहा."

बिया तडतडू लागल्या, आधी एखाद-दुसरी, मग भरभर, मग थांबल्या. मास्तर तरी ढवळत होते. थोड्या वेळाने दुसरी तडतड आली, बारीक, कोरड्या पाचोळ्यावर कोणी पाय ठेवावा तशी. तिसऱ्या आवाजालाच त्यांनी कढई खाली घेतली आणि बिया सुपात ओतल्या. डोळे उघडले तेव्हा सगळ्या बिया एका रंगाच्या होत्या, गडद तपकिरी. त्या माणसाने तो रंग ऐकून आणला होता.

हातजात्याने पूड झाली. पाणी विहिरीचं. गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, का नाही विचारलं, तर म्हणाले, "गंगेच्या पाण्याने मोक्ष मिळतो, कॉफी नाही होत. फार जड आहे." आमच्या मंडळात हे वाक्य कोणी म्हटलं असतं तर त्याला पायऱ्यांवरून खाली ढकललं असतं. मग त्यांनी फडताळातून भांडं काढलं. पितळेचं, एकावर एक बसणारं. मी ओळखलं.

वरच्या भागात पूड घालून त्यांनी चकतीने ती हलकी दाबली, उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि मला खूण केली: ऐका. काही क्षण काहीच नाही. मग आत कुठेतरी, टप. मग परत, टप. मास्तर स्वतःच्या छातीवर हात ठेवून बसले होते. "दोन थेंबांच्या मध्ये एक श्वास. भरभर पडले तर पाणचट. अडखळले तर कडू. पूड मी सांभाळीन, पाणी मी सांभाळीन, पण हा ताल मी धरू शकत नाही. तो ह्या भोकांनी धरलाय. माझं दक्षिणेतलं भांडं फुटलं, तेव्हा तुमच्या पत्रकातल्या त्या कल्हईवाल्याला मी बोलावलं. तीन सकाळी तो इथे बसून माझ्याबरोबर थेंब ऐकत होता. मग गेला आणि हे करून आणलं. आता सांगा, ह्यावर कुठल्या कंपनीचा शिक्का आहे?"

"विलायती लोक शिक्का पुसून पाठवतात," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, मी तेव्हाही असंच म्हणालो.

मास्तर उठले, कोट चढवला. "चला."

कॉफी तशीच खाली उतरत राहिली.

बोळात दुकान म्हणजे एक भट्टी, एक भाता आणि भिंतीला लाकडी मांडणी. दसरा ते दिवाळी हे कल्हईवाल्याचे वर्षातले सगळ्यांत गर्दीचे दिवस. गावातली पातेली, घंगाळी, परातींच्या चवडी दारापर्यंत लागलेल्या असतात. चाचांच्या मांडणीवर एक तपेली होती. ती मास्तरांची. बाकी फळ्या रिकाम्या, आणि फळ्यांवर भांड्यांच्या बुडांचे गोल काळे डाग. काल-परवापर्यंत तिथे भांडी होती, हे त्या डागांवरून कोणालाही कळलं असतं.

दारात चाची तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी ताट खाली ठेवलं. "हेच का ते? वाचणारे?"

"हेच," मास्तर म्हणाले.

"मोठा आवाज हाय. आमच्या अंगणापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाया येताहेत, आपापली भांडी उचलून नेताहेत. कल्हई नाय झाली तरी चालेल म्हणतात. एक तर आपलं पातेलं वास घेऊन बघत होती!"

"चूप," चाचा म्हणाले. "बसा साहेब. तिकडं नको, तिकडं तेजाब हाय, अंग जळंल."

मी बसलो आणि, आता लिहिताना लाज वाटते, फाटकावरच्याच आवाजात म्हणालो, "मला करून दाखवा."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातून एका फुटक्या घागरीचा पत्रा काढला. घागर कोणाची तरी जुनी, ठोकून सपाट केलेली. कातरीने त्यातून वाटोळी चकती कापली. कंपासने तिच्यावर कडी ओढली. शिशाची ढेप पुढे घेतली, तिच्यावर चकती ठेवली आणि बोटाएवढा पोलादी टोचा उचलला.

"टोचा मीच केलाय. जुन्या कानशीचा." थांबून म्हणाले, "कानस मात्र विलायती होती. पकडा मला."

चाची हसल्या. मास्तर हसले. मी हसलो नाही.

पहिलं भोक मधोमध. हातोडीचा एकच ठोका, ना जड ना हलका. त्याच्याभोवती सहा. त्या सहांभोवती बारा. मग अठरा. खुणा केलेल्या नव्हत्या, फक्त कडी होती. मी विचारलं, अंतर कसं कळतं? त्यांनी डावा अंगठा दाखवला. नख जाड, पिवळं, आणि त्याच्या कडेला एक खाच पडलेली. टोचा त्या खाचेत बसत होता. प्रत्येक भोकाआधी नखाची कड मागच्या भोकावर टेकायची आणि खाचेतून टोचा उभा राहायचा. किती वर्षं एका जागी लोखंड घासलं म्हणजे माणसाच्या नखाला मापाची खूण पडते? मी यंत्र म्हणालो होतो. यंत्राचा तो भाग त्या माणसाच्या अंगावर उगवलेला होता.

ठोके मोजायचं मी लवकरच विसरलो. प्रत्येकाचा आवाज तोच. बोळातून टांगा गेला, कोणीतरी सलाम केला, चाचांनी मान हलवून तो घेतला, आणि ठोका चुकला नाही. चकती भरली तेव्हा ती उलटी करून त्यांनी मागून निघालेली टोकं घासली, इतकी हळू की मला वाटलं कुरवाळताहेत.

"आता खरी गंमत," मास्तर पुटपुटले.

कल्हई सगळ्यांनी पाहिलेली आहे. मीही लहानपणापासून पाहत आलो होतो आणि पाहणं म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. भाता चालला, निखारे फुलले, चकती चिमट्यात लाल व्हायच्या बेताला आली, नवसागराचा पांढरा धूर उठला, कथलाची कांडी टेकली आणि कापसाच्या बोळ्याने चंदेरी पाणी चकतीभर पसरलं. पण भोकं? भोकं तर सगळी बुजली! माझ्या तोंडून "गेलं!" निघून गेलं. चाचांनी चिमटा उचलला आणि कथील थिजायच्या आत चकती लाकडाच्या ठोकळ्यावर एकदाच आपटली. ठक्. खाली राखेत मोहरीहून बारीक चंदेरी दाणे सांडले. आधी आपटली असती तर सगळी कल्हई उडाली असती. नंतर आपटली असती तर भोकं कायमची बंद. तो क्षण त्यांना कसा कळला हे मी विचारलं. ते म्हणाले, "कळत नाही. हात जातो."

चकती पाण्यात विझवून ते बोळाच्या तोंडाशी उन्हात गेले. "हात पुढं करा." मी तळहात पुढे केला. त्यांनी चकती वर धरली आणि माझ्या शाईने काळ्या झालेल्या तळव्यावर उन्हाचे थेंब उतरले, कड्याकड्यांनी, मधल्या एकाभोवती सहा, सहांभोवती बारा. मी त्यांत एक तरी वाकडा सापडतो का ते शोधत होतो. खरं सांगतो, सापडावा अशी इच्छा होती. सापडला नाही.

आत आल्यावर चाचांनी विचारलं, "पत्रकाचं नाव काय ठेवलं होतं म्हणे?"

"कॉफी नव्हे, कावा," मी हळूच म्हणालो.

ते मोठ्याने हसले. "बरोबरच लिहिलंय की! आमच्यात कॉफीला कहवाच म्हणतात. ए, ऐकलंस का? साहेबांनी आपलीच भाषा छापली."

"मग बाकीचं पण आपलंच छापायला सांगा," चाची म्हणाल्या.

चाची आत गेल्या आणि कहवा घेऊन आल्या. काळा, बिनदुधाचा, वेलदोडा ठेचून घातलेला. पेला माझ्यापुढे आला. मास्तर माझ्याकडे बघत होते. माझी शपथ त्यांना ठाऊक होती. मी प्यालो. मंडळातल्या ज्यांना हे नव्याने कळतंय त्यांनी खुशाल नोंद करावी. कडू होता, गरम होता, आणि घशातून उतरताना मला समजलं की ज्याला मी पाच गल्ल्यांत चोर म्हटलं त्याच्या घरचं मी पीत होतो.

"साहेब," चाचा म्हणाले, "तुम्ही यंत्राचं काम म्हणालात त्याचा राग नाही. घरी येऊन हिला सांगितलं, चाळीस वर्षांत इतकी शाबासकी कोणी दिली नव्हती. पण 'खोटा माल' लिहिलंत. आमच्या धंद्यात माणूस आतून काय लावतो ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. कथलात शिसं मिसळलं तरी चकाकतं, आणि घरातली पोरं आजारी पडतात. म्हणून लोक भांडं देतात ते माणूस बघून. आता माणूसच खोटा म्हटल्यावर काय देतील?"

"मी काय करू?"

"जिथं वाचलंत तिथं वाचा. त्याच गल्ल्यांत. माल खरा होता, एवढंच. दुसरं काही नको."

मी शब्द दिला. संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षांपुढे दुरुस्तीचा मजकूर ठेवला. चारच ओळी. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचल्या आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

"हे छापलं तर उद्या आपल्या प्रत्येक पत्रकावर लोक संशय घेतील."

"घेऊ देत. चूक आपली आहे."

"अरे, एका कल्हईवाल्यासाठी मंडळाची अब्रू घालवायची? आणि तोही..." ते थांबले.

"तोही काय?"

"काही नाही. तू तरुण आहेस."

तोही काय, ते मला कळलं. तुम्हालाही कळलं असेल. देशातल्या हातांसाठी आमची चळवळ होती, आणि फाटकावर एक हात आला तर आम्ही आधी म्हणालो, इतकं चांगलं काम इथलं असणारच नाही. आणि इथलंच आहे असं सिद्ध झाल्यावर म्हणालो, हा हात आपल्यातला नाही. विलायतेने आमच्यावर बसवलेला चष्मा आम्ही खादीच्या फडक्याने पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला होता. मी मंडळाच्या खोलीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि निघालो. छापखान्यात गेलो तर मालक म्हणाला, मंडळाच्या परवानगीवाचून नाही. दुसऱ्या छापखान्याच्या मालकानेही तेच सांगितलं. त्याच गल्ल्यांत मी कागदाशिवाय उभा राहून ओरडलो. दोन गल्ल्यांत लोकांनी दारं लावून घेतली, एकीत कोणीतरी विचारलं, "किती मिळाले रे चाचांकडून?" छापलेल्या खोट्यापुढे तोंडी खरं किती टिकतं ते मी त्या आठवड्यात शिकलो. छापलेलं खोटं माझंच होतं, म्हणून कोणाकडे तक्रार करायचीही सोय नव्हती.

त्या दिवाळीत चाचांनी भाता पाठीवर बांधला आणि साठीच्या वयात फिरतीवर निघाले. सायखेड्याला, सिन्नरला, जिथे आमची पत्रकं पोचली नव्हती तिथे. झाडाखाली खड्डा खणून भट्टी लावायची, हाळी द्यायची. तीन वर्षं झाली. दुकान उघडतं ते महिन्यातून चार-सहा दिवस. त्या पाच भांड्यांपैकी एक मास्तरांनी घेतलं, एक मी. उरलेली तीन मांडणीवर आहेत. मी शपथेतून मोकळा झालो आहे, रोज सकाळी थेंब ऐकतो आणि दोन थेंबांच्या मध्ये एक श्वास असतो का पाहतो. असतो. एकदाही चुकलेला नाही, आणि मला अजून त्याची सवय झालेली नाही.

हा छापखाना गावाबाहेरचा आहे, म्हणून हे छापून तुमच्या हाती आलं. आता तुमचं काम. तुम्ही त्या पाच गल्ल्यांपैकी एकीत राहत असाल तर हे घरात बसून मनात वाचू नका. ओट्यावर उभे राहा आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात वाचा: त्याचा माल खरा होता. मग तुमच्या घरातली जी भांडी त्या दिवसांत त्याच्या मांडणीवरून उचलून आणली होती, ती कोणाच्या हाती न पाठवता स्वतः घेऊन दूध बाजारामागे जा. तो गावात नसेल तर चाचींपाशी ठेवा, आणि कोणत्या घरातून आलात ते नाव त्यांना तोंडाने सांगा. दिवाळीची वाट बघू नका. या आठवड्यात जा.